दुर्मिळ सॉफ्ट टॉय जमवायचे असतील तर आधी हात तयार करा

दुर्मिळ सॉफ्ट टॉय जमवू पाहणारे लोक माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न किमतीचा असतो. आज घेतलं तर पुढे किती मिळतील? मी जुने टेडी आणि कापडी प्राणी दुरुस्त करते, स्वतःही जमवते, आणि या प्रश्नावर माझं उत्तर ठरलेलं आहे: सुरुवातीचे काही महिने काहीही विकत घेऊ नका. जिथे मिळतील तिथे जुनी खेळणी हातात घ्या, उलटी करून बघा, काखेत बघा, वास घ्या. लव, शिवण, आतलं भरण, डोळे आणि टॅग वाचता यायला लागले की खेळणं आपलं वय, आपलं मूळ आणि आपल्यावर झालेली डागडुजी स्वतःच सांगतं. पैसे त्यानंतर काढा.

ओढ कशाची असते

तिकिटं किंवा नाणी जमवणाऱ्याला कोरी करकरीत वस्तू मिळू शकते, कारण ती पहिल्या दिवसापासून कुणीतरी जपलेली असते. सॉफ्ट टॉय बनतंच मुळी कुशीत घेऊन झोपायला. त्याला ओढलं जातं, धुतलं जातं, त्याच्यावर दूध सांडतं, कुत्रा त्याचा कान तोडतो आणि मूल मोठं झालं की ते टाकून दिलं जातं. म्हणून इथे ‘किती बनले’ यापेक्षा ‘किती उरले’ हा हिशेब महत्त्वाचा.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण स्टाइफ या जर्मन खेळणी कंपनीच्या पहिल्या अस्वलाचं आहे. जर्मनीतल्या गिएंगेन गावात मार्गारेटे स्टाइफ यांनी १८८० मध्ये कापडी हत्ती शिवायला सुरुवात केली. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्या व्हीलचेअरवर असत. त्यांचा पुतण्या रिचर्ड स्टाइफ याने १९०२ मध्ये हातपाय हलवता येणारं अस्वल तयार केलं. त्याचं नाव ‘५५ पीबी’: ५५ म्हणजे सेंटिमीटरमधली उंची, पी म्हणजे प्लश, म्हणजे लव असलेलं कापड, आणि बी म्हणजे हलणारं. १९०३ च्या लाइपझिगच्या खेळण्यांच्या जत्रेत एका अमेरिकी खरेदीदाराने अशी ३,००० अस्वलं मागवली. त्यातलं एकही आज अस्तित्वात असल्याचं माहीत नाही. तीन हजारांतलं एकही नाही! त्यांचे सांधे दोऱ्याने बांधलेले होते आणि ते टिकले नाहीत. जुन्या खेळण्यांच्या ढिगात हात घालणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात कुठेतरी ही गोष्ट असते.

दुसरी ओढ चेहऱ्याची. जुन्या टेडीचं नाक आणि तोंड हाताने दोऱ्याने भरलेलं असतं. एकाच कारखान्यात, एकाच कागदी नमुन्यावरून कापलेली दोन अस्वलं शेजारी बसवा. एकाच्या तोंडाचा टाका जरा खाली ओढलेला असतो, दुसऱ्याचे डोळे किंचित जवळ आलेले असतात आणि दोघांचे स्वभाव वेगळे वाटतात. शिवणाऱ्या बाईचा हात त्यात उतरलेला असतो. मी स्वतः हेच जमवते. माझ्याकडची बहुतेक खेळणी बाजारभावाने साधारणच आहेत, पण प्रत्येकाचा चेहरा मी निवडून घेतलेला आहे.

आपलं क्षेत्र छोटं ठेवा

सगळंच जमवायला गेलं तर काहीच नीट कळत नाही. एक कंपनी, एक काळ, एक प्राणी किंवा एक कापड निवडा. एकाला फक्त मोहेरचे, म्हणजे शेळीच्या केसांच्या कापडाचे टेडी आवडतात, दुसऱ्याला फक्त हत्ती. मेरिथॉट ही इंग्लंडमधल्या आयर्नब्रिजची कंपनी १९३० पासून टेडी बनवते आणि तेवढ्याच एका नावावर आयुष्यभर पुरेल इतकं जमवता येतं.

नव्या काळातलं जमवायचं असेल तर प्रत्येक प्रकारात दुर्मिळतेचा अर्थ वेगळा आहे हे आधी समजून घ्या. बीनी बेबी ही टाय या अमेरिकी कंपनीची छोटी कापडी खेळणी. ती १९९३ मध्ये नऊ प्राण्यांनिशी बाजारात आली. कंपनी एकेक नमुना ‘रिटायर’ करत, म्हणजे बनवणं बंद करत गेली आणि त्या घोषणांनीच मागणी पेटली. तिथे किंमत ठरते ती टॅगच्या पिढीवरून, म्हणजे टॅग कोणत्या काळातल्या घडणीचा आहे त्यावरून, आणि रंगातल्या फरकावरून. १९९५ मधला ‘पीनट’ हत्ती आधी गडद निळ्या रंगात आला आणि लवकरच फिकट निळा झाला. गडद निळा थोडेच लोक दाखवू शकतात, फिकट निळा ढिगाने मिळतो. जेलीकॅट ही लंडनची कंपनी १९९९ ची. तिथे बंद झालेल्या नमुन्यांच्या मागे लोक धावतात. लबूबू हे कासिंग लुंग या चित्रकाराने २०१५ मध्ये चितारलेलं पात्र. पॉप मार्ट या चिनी खेळणी कंपनीने २०२३ मध्ये त्याचे लटकवायचे मऊ बाहुले काढले आणि आता ते बंद डब्यातून विकले जातात. आत कोणता निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही. ‘सीक्रेट’ नमुना निघण्याची शक्यता साधारण ७२ मध्ये एक असते. ही दुर्मिळता कंपनीने ठरवून दिलेली आहे, काळाने नाही. मला तिचं आकर्षण कमी वाटतं, कारण कंपनीने उद्या तोच नमुना पुन्हा काढला तर ती संपते. पण ज्यांना डबा उघडण्यातच आनंद आहे त्यांचा आनंद खराच आहे. फक्त त्यासाठी कर्ज काढू नका.

हातात आल्यावर काय बघायचं

सगळ्यात आधी हात उचला. माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक टेडीचा मी प्रथम एक हात वर करते आणि काखेत, सांध्याच्या अगदी खोबणीत बघते. तिथे ऊन पोचत नाही, मुलाचा हात पोचत नाही, म्हणून मूळ रंग तिथे शाबूत राहतो. बाहेरून मातकट पिवळा दिसणारा टेडी काखेत दालचिनीच्या रंगाचा निघाला की समजायचं, हा खरंच वापरून फिका पडलेला आहे. मुद्दाम जुना दाखवण्यासाठी चहाच्या पाण्यात बुडवलेल्या टेडीचा रंग काखेतही तितकाच मातकट असतो.

झिजेचंही तसंच. मूल खेळणं एका ठराविक पद्धतीने धरतं. नाक झिजतं कारण त्याचे पापे घेतले जातात. पोट झिजतं, बहुधा एकाच हाताची लव गेलेली असते आणि एखाद्या कानाची कड पातळ होते. पाठ मात्र पुष्कळदा दाट राहते. सगळीकडे सारखीच लव गेलेली असेल तर ते ब्रशचं किंवा वस्तऱ्याचं काम समजा.

मग कापड. जुनं प्लश म्हणजे मोहेर, म्हणजे अंगोरा शेळीचे केस विणलेल्या कापडात बसवलेले. मोहेरला चमक असते, लव बाजूला सारली की खाली विणीचं कापड स्पष्ट दिसतं आणि बोटाने दाबलेली लव हळूहळू उभी राहते. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम धाग्यांचं प्लश वाढत गेलं. पहिल्या महायुद्धानंतर मोहेर मिळेनासं झालं तेव्हा स्टाइफने कागदी धाग्यापासून विणलेल्या प्लशचेही टेडी काढले. असा टेडी कधी हाती आला तर पाण्याचा थेंबही लावू नका.

आतलं भरण दाबून कळतं. लाकडाचा बारीक कीस असेल तर अंग टणक लागतं आणि दाबल्यावर करकरतं. पांढऱ्या सावरीचा कापूस असेल तर खेळणं दिसतं त्यापेक्षा हलकं लागतं आणि मऊ दबतं. पॉलिएस्टर दाबलं की उसळून वर येतं. १९१० चा म्हणून सांगितलेला टेडी उसळला तर एक तर तो नंतरचा आहे किंवा कुणीतरी त्याला नव्याने भरलेलं आहे. दुसरी शक्यता असेल तर कुठेतरी उसवून पुन्हा शिवलेली जागा सापडेलच. बहुधा ती पाठीवर, मधल्या शिवणीत असते.

डोळे बघा. पहिल्या महायुद्धाच्या आधी बुटाच्या काळ्या गुंड्या डोळे म्हणून लावत. पुढे तारेवरचे काचेचे डोळे आले. वेंडी बॉस्टन या ब्रिटिश कंपनीने १९४८ मध्ये आतून पक्के बसणाऱ्या सुरक्षित डोळ्यांचं पेटंट घेतलं आणि १९५४ मध्ये यंत्रात धुता येईल असा टेडी आणला. प्लास्टिकचे डोळे असलेला टेडी युद्धापूर्वीचा सांगितला जात असेल तर डोळे बदललेले आहेत का ते विचारा. इथेच एक गोष्ट आवर्जून सांगते. तारेचे डोळे, टाचण्या, सांध्यातल्या खिळी असलेली जुनी खेळणी लहान मुलांच्या हातात देऊ नका. तार गंजून डोळा सहज निघतो.

स्टाइफचं खेळणं असेल तर डावा कान. कानात धातूची गुंडी लावायची पद्धत १९०४ मध्ये सुरू झाली. अगदी सुरुवातीच्या गुंडीवर हत्ती होता. नंतरच्या गुंडीवर कंपनीचं नाव आलं, त्यात शेवटच्या ‘एफ’ अक्षराची शेपटी मागे, नावाच्या खाली गेलेली असे. गुंडीखालच्या चिठ्ठीचा रंग काळ सांगतो. साधारण १९२६ पर्यंत पांढरी, मग लाल, १९३४ पासून पिवळी. अलीकडच्या मर्यादित आवृत्त्यांना पुन्हा पांढरी चिठ्ठी असते, त्यामुळे नुसती पांढरी दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. शिवणीत ‘यूएस झोन जर्मनी’ अशी पट्टी असेल तर ते खेळणं महायुद्धानंतर, जर्मनीचा तो भाग अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता त्या काळाच्या आसपासचं. गुंडी सुटी विकत मिळते आणि दुसऱ्याच्या कानात बसवताही येते. म्हणून कानाच्या मागे गुंडीच्या वाकवलेल्या पायांची जागा भिंगाने बघा. भोक ताजं आहे का, भोवतीची लव चिरडलेली आहे का, गंजाची खूण कापडात उतरली आहे का?

स्टाइफच्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट मला फार आवडते. कापड वाया जाऊ नये म्हणून ताग्यावर नमुने अगदी खेटून मांडत. शेवटी एका डोक्यापुरतं सलग कापड उरत नसे, म्हणून दर सातव्या अस्वलाचं कपाळ दोन तुकडे जोडून शिवत. त्याच्या चेहऱ्यावर मधोमध, कपाळापासून नाकापर्यंत एक शिवण येते. काटकसरीतून आलेली ती शिवण आज जाणकार सगळ्यात आधी शोधतात.

अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च जवळ ठेवा. अंधारात तिचा प्रकाश टाकला की आधुनिक पॉलिएस्टर दोरा बहुधा निळसर पांढरा चमकतो, जुना सुती दोरा तसा चमकत नाही. पण आजकालच्या कपडे धुण्याच्या पावडरीतही चमक आणणारी द्रव्यं असतात, त्यामुळे मागच्या वर्षी धुतलेला शंभर वर्षांचा टेडीही सगळा उजळून निघेल. नुसत्या टॉर्चवर निकाल देऊ नका. सगळं अंग काळपट आणि एकच शिवण चमकतेय असं दिसलं तर मात्र तिथे अलीकडे दुरुस्ती झाली आहे, हे नक्की.

बीनी बेबीसारख्यांचं वाचन टॅगवर होतं. हृदयाच्या आकाराचा टांगता टॅग आधी एकपदरी होता, नंतर पुस्तकासारखा उघडणारा झाला, पुढे त्यावर पिवळी चांदणी आणि आत कविता आली. बुडाशी शिवलेल्या कापडी टॅगचा काळ आणि टांगत्या टॅगचा काळ जुळायला हवा. न जुळणारे टॅग दिसले तर टांगता टॅग दुसऱ्याचा लावलेला असू शकतो. लबूबूच्या बाबतीत दात मोजा: खऱ्याला नऊ असतात. नकली मालाला ‘लफूफू’ असं स्वतंत्र नावच पडलं आहे, इतका तो बोकाळलाय. मात्र नकली बनवणारेही आता दात मोजायला शिकले आहेत, म्हणून चेहऱ्याची रंगाई, शिवणीचा नेटकेपणा आणि डब्यावरची पडताळणीची खूण हे सगळं मिळूनच बघायचं.

किमतीबद्दल थोडंसं

विक्रेत्याने मागितलेली किंमत ही किंमत नव्हे. प्रत्यक्ष विकलेल्या वस्तूंच्या नोंदी बघा, त्याही एका नव्हे, बऱ्याच. राजकुमारी डायनाच्या स्मृतिनिधीसाठी १९९७ मध्ये निघालेला ‘प्रिन्सेस’ नावाचा जांभळा बीनी टेडी आजही लाखोंच्या आकड्यांनी विकायला ठेवलेला दिसतो. तो भरपूर संख्येने बनला होता आणि प्रत्यक्षात सहसा किरकोळ पैशांत मिळतो.

खरे मोठे आकडेही आहेत. १९०४ चा ‘टेडी गर्ल’ हा स्टाइफ टेडी १९९४ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात १ लाख १० हजार पौंडांना गेला. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१२ मध्ये स्टाइफने ब्रिटिश बाजारासाठी काळी, लालसर डोळ्यांची शोकाची अस्वलं काढली. त्यांतलं एक २००० मध्ये ९० हजार पौंडांच्या वर गेलं. पण नीट बघा, टेडी गर्लची किंमत नुसत्या लवेची नव्हती. कर्नल बॉब हेंडरसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने ती लहानपणापासून आयुष्यभर सांभाळली होती आणि ती कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं. खेळण्याबरोबर त्याची कहाणी कागदोपत्री आली की किंमत कुठल्या कुठे जाते.

ऑनलाइन घेताना दिवसाच्या उजेडातले फोटो मागा: समोरून, बाजूने, पाठ, तळवे, दोन्ही कान, टॅगच्या दोन्ही बाजू, आणि शेजारी पट्टी ठेवून एक. घरात कुणी सिगारेट ओढतं का, कसर (लोकर खाणारी कीड) लागली होती का, कधी धुतलं होतं का, हे सरळ विचारा. जो विक्रेता कानाचा जवळून फोटो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी घेत नाही, खेळणं कितीही आवडलं तरी.

घरी आणल्यावर

आल्या आल्या फळीवर बसवू नका. आधी बंद पिशवीत वेगळं ठेवा आणि भिंगाने तपासा. लवेच्या मुळाशी रेतीसारखे बारीक कण, रिकामी पोकळ कोषं, गोल टक्कल पडलेल्या जागा दिसल्या की कसर समजा. मोहेर ही प्राण्याची लोकर आहे आणि कसरीच्या अळ्यांना ती आवडते. एका टेडीतून संपूर्ण संग्रहाला लागू शकते. उपाय सोपा आहे. हवा काढलेल्या घट्ट बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. एक दिवस खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, नाहीतर दव धरून ओल लागते. रबरी किंवा व्हिनाइलच्या चेहऱ्याची खेळणी मात्र फ्रीझरमध्ये घालू नका, थंडीने ती तडकू शकतात. डांबराच्या गोळ्या ठेवू नका, वास जन्मभर जात नाही आणि काही प्लास्टिकवर त्यांचा वाईट परिणाम होतो.

धूळ काढायला व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला जाळीचं कापड बांधा आणि कमीत कमी ओढ ठेवा. मळ असेल तर सौम्य साबणाचा फक्त फेस मऊ ब्रशवर घेऊन लवेच्या टोकांवरून फिरवा, ओलसर पांढऱ्या फडक्याने टिपा, सावलीत वाळवा. कीस भरलेल्या खेळण्याला आतपर्यंत पाणी गेलं की आत बुरशी धरते आणि ते वाचत नाही. काही जुन्या खेळण्यांत फोम भरलेला असतो. तो वयाने आपोआप चुरा होतो, त्याला इलाज नाही. तो काढून नवं भरण घालावं लागतं.

ठेवायची जागा कोरडी आणि उन्हापासून दूर हवी. प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत कायमचं कोंबू नका, आणि साठवताना हवा काढून चपटं तर कधीच नको. फार काळ दाबून राहिलेली लव पुन्हा उभी राहत नाही. गडद रंगाच्या कपड्यातलं खेळणं फिकट व्हिनाइलला चिकटून ठेवलं तर डाग उतरतो आणि तो निघत नाही.

दुरुस्तीत माझा नियम एकच: जे उलटवता येईल तेवढंच करायचं. उसवलेली शिवण वक्र सुईने, सुती दोऱ्याने, लपता टाका घालून मूळ भोकांतूनच शिवा. गोंद नको, रंग नको. आतून काढलेला कीस, गंजलेली खीळ, तुटका डोळा छोट्या पिशवीत घालून खेळण्याबरोबरच ठेवा. एका टेडीचं नाक कुणीतरी, बहुधा आजीनेच, जाड तपकिरी लोकरीने भरलेलं होतं. मूळ नाक काळ्या रेशमी दोऱ्याचं असणार हे कडेला उरलेल्या टाक्यांवरून दिसत होतं. मालकिणीने विचारलं, पूर्ववत करू या का? मी म्हटलं, राहू द्या. ते तपकिरी नाकही आता त्याच्या आयुष्याचा भाग झालं आहे आणि कुणीतरी मुलासाठी रात्री बसून ते केलेलं आहे. तिने ठेवलं.

शेवटी वही. प्रत्येक खेळण्यासाठी एक पान: कुठून, कधी, कितीला घेतलं; बसलेली आणि उभी उंची; कापड, भरण, डोळे; टॅगचा मजकूर जसाच्या तसा; काय खराब होतं, काय दुरुस्त केलं. विक्रेत्याला ते आधी कुणाचं होतं ते विचारा. त्या मुलाने त्याला काय नाव दिलं होतं आणि जुना फोटो आहे का, हेही विचारा. लोक आनंदाने सांगतात, फक्त कुणी विचारत नाही. विकायची वेळ आली तर हेच पान घेणाऱ्याला द्या, दुरुस्तीसकट, काही न लपवता. आणि वही कुठे ठेवली आहे ते घरात कुणाला तरी सांगून ठेवा. मी दुरुस्त केलेल्या खेळण्यांपैकी कितीतरी जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातून, टाकून द्यायच्या बेतात असताना सापडलेली आहेत.